घोड्यांची प्रदर्शनं का ओसरली, आणि घोडीवर बसावं की नाही?

प्रश्न: आमचे आजोबा दरवर्षी माळेगावच्या यात्रेला घोडी घेऊन जायचे. आता आमच्या भागातून प्रदर्शनाला जाणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. घरी अजून एक घोडी आहे आणि मला बसायला येतं. पण कॉलेजातल्या मैत्रिणी म्हणतात, घोड्यावर बसणं हा छळच आहे. ही प्रदर्शनं अशीच बंद पडणार का? आणि मी घोडीवर बसावं की नाही?

उत्तर: तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण माझ्या मते त्यांचं मूळ एकच आहे. आपल्याकडे घोडा पाळणारे अजून आहेत, घोड्यावर बसणारे मात्र संपत आलेत. प्रदर्शनं ओसरली ती त्यामुळे. तुमच्या मैत्रिणींना बसणं म्हणजे छळ वाटतो तोही त्यामुळेच, कारण चांगलं बसणं त्यांच्या नजरेस कधी पडलेलंच नाही. मी आयुष्यभर घोडी फेरण्याचं, म्हणजे त्यांना शिकवून तयार करण्याचं, काम केलं आहे आणि जत्रांमध्ये परीक्षक म्हणूनही बसलो आहे. दोन्हीकडून जे दिसलं ते सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या आजोबांच्या काळातलं प्रदर्शन काय होतं ते समजून घ्या. माळेगावचा खंडोबा लोहा तालुक्यातला, यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीची. देवाचं वाहनच घोडा, त्यामुळे घोडेबाजार हा या यात्रेचा कणा. घोड्यांच्या व्यापाऱ्यांचा हिवाळी फेराच ठरलेला असायचा. कार्तिकी पौर्णिमेला पुष्कर, दत्तजयंतीला तापीकाठचं सारंगखेडा आणि तिथून पंधरवड्यानं माळेगाव. इथं येणाऱ्या गिऱ्हाइकाला घोडा कामासाठी हवा असे. पाटलाला शिवार फिरायला, धनगराला मेंढरांच्या वाड्याचं सामान लादायला, टांगेवाल्याला टांग्याला, डोंगराकडच्या गावातल्या माणसाला तालुक्याला जायला. जनावर कामाचं आहे की नाही हे बसल्याशिवाय कळत नाही, म्हणून घोडी बघायची म्हणजे तिच्यावर मांड टाकूनच बघायची. दुडकीत पाठ कशी लागते, रेवाल, म्हणजे हिसके न देणाऱ्या भरभर चालीत स्वाराच्या हातातल्या पेल्यातलं पाणी हिंदकळतं का, ओढ्याच्या पाण्यात पाय घालते का, बाकीची घोडी मागं टाकून एकटी पुढं जाते का. बक्षिसाचं रिंगण ही या बाजाराचीच पुढची पायरी होती. ज्या घोडीला फेटा बांधला तिच्या शिंगराला पुढच्या वर्षी भाव मिळायचा, आणि घोडी जिंकली म्हणजे तिच्यावर बसणाराही जिंकला असंच लोक धरायचे.

हा वारसा लहान नाही. मलिक अंबरानं याच मुलखात मराठा घोडदळ उभं केलं. स्वतःचं घोडं घेऊन चाकरीला येणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर, हा फरक घराघरात ठाऊक होता. पुढं निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चानं ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या फौजेच्या, घोडदळाच्या छावण्या औरंगाबाद, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, इथं होत्या. 1903 मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात मिसळली. त्याच परंपरेतल्या डेक्कन हॉर्स या घोडदळ पलटणीनं पहिल्या महायुद्धात, 14 जुलै 1916 रोजी, फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर, हाय वुडजवळ, घोड्यांवरून हल्ला चढवला होता. हे मिरवण्यासाठी सांगत नाही. ज्या मुलखात बसण्याची विद्या इतकी खोल होती, तिथं ती अलीकडच्या दोनतीन पिढ्यांत आटली. तेव्हा कारणंही तशीच खोल असणार.

पहिलं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. डांबरी रस्ता आला, एसटी आली, मोटारसायकल आली. त्यावर जास्त लिहीत नाही. देशभरातली घोड्या-तट्टांची संख्या 2012 च्या पशुगणनेत सुमारे 6 लाख 25 हजार होती, 2019 च्या गणनेत ती 3 लाख 40 हजारांच्या आसपास आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी. मोटारसायकल तर त्याच्या कितीतरी आधी आली होती, मग ही घसरण एवढ्यात का? त्याची कारणं आपल्या शेतात सापडतात.

साडेतीनशे किलोच्या घोडीला रोज सात-आठ किलो कोरडा चारा लागतो. चंदी, म्हणजे दाणा, वेगळी. उन्हाळ्यात पाणी तीस-चाळीस लिटर. मराठवाड्यात ज्वारी घरची होती तोवर दावणीचं भागून जायचं. लातूर, धाराशिव, नांदेडकडे ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली आणि घरातला कडबाच संपला. ऊस आहे तिथं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आहे, पण ते खाऊन बैल काम करतो, घोड्याचं पोट मात्र बिघडतं. गाय-म्हैस चार कप्प्यांच्या पोटात काहीही जिरवते, घोड्याचं पोट एकच आणि लहान. बुरशी लागलेला चारा किंवा एकदम बदललेली चंदी म्हणजे पोटशूळ, आणि रात्रीत घोडी हातची जाते. त्यात दुष्काळ. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते वर्ष आठवा. चारा छावण्यांची आखणी गुरांसाठी असते. ज्याच्याकडे दूध देणारी म्हैस आणि बसायची घोडी अशी दोन्ही होती, त्यानं अशा वर्षी कुणाला ठेवायचं हे त्याला विचारावंही लागत नव्हतं.

घोड्याभोवतीचे माणसांचे धंदेही गेले. खूर सहा ते आठ आठवड्यांनी तासावे लागतात, आणि नालबंद आता तालुक्याच्या गावातही सापडत नाही. पावसाळ्यात काळ्या चिखलात उभ्या घोडीच्या तळव्याला कुज लागते. ती वेळेवर खरवडणारा हात नसेल तर घोडी लंगडते, आणि लंगडी घोडी प्रदर्शनाला कोण नेणार? खोगीर शिवणारे गेले, घोड्याची निगा राखणारे मोतद्दार गेले. सगळ्यांत मोठं नुकसान म्हणजे चाबुकस्वार गेले. कोवळं जनावर हाती घेऊन त्याला वर्षभरात शहाणं करून देणारा माणूस पूर्वी पाचपन्नास गावांत एखादा तरी असायचा. तो पोराला घोड्यावर बसवायचाही आणि घोड्याला पोराखाली चालायला शिकवायचाही. तो गेल्यावर घरातल्या पुढच्या पिढीला शिकवणारं कुणी राहिलं नाही.

त्यात रोगांची भीती. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो. तपासणीत घोडा बाधित निघाला तर कायद्यानं त्याला दयामरण द्यावं लागतं. नियम योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जत्रेत दहा ठिकाणची घोडी एका हौदावर पाणी पितात हे पाहिलेला माणूस आपली एकुलती एक घोडी तिथं न्यायला कचरतो. मग कोरोनात जत्राच भरल्या नाहीत. पाठोपाठ 2022 मध्ये गुरांच्या लम्पीमुळे पशुबाजारांवर बंधनं आली. लम्पी घोड्याला होत नाही, पण बाजार सगळ्यांचाच थांबला. दोनतीन वर्षं सवय मोडली की लहान पाळणारा परत येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता ज्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे ते. चारा, पाणी, रोग ही सगळी कारणं खरी असली तरी रिंगणाच्या आत काय बदललं याकडे आपण घोडेवाले फारसं बघत नाही. आज प्रदर्शनात घोड्याचं काय तपासलं जातं? उंची इंचात मोजतात. कानांची टोकं वर एकमेकांना भिडतात का पाहतात. रंग पाहतात: नुकरा म्हणजे पांढरा, अबलक म्हणजे पांढऱ्यासह दोन रंगांचा, पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला. देवमण, म्हणजे शुभ मानलेला केसांचा भोवरा, कुठं, बाकीचे भोवरे कुठं, हे पाहतात. मानेचा बाक पाहतात. घोडा मालकाच्या किंवा नोकराच्या हातात दोरीनं उभा असतो आणि त्याच्यावर कुणी बसतच नाही. बसायला सांगितलं तर अनेकदा मालकच म्हणतो, हा बसायचा नाही, हा शोचा आहे.

उंचीचंच घ्या. मारवाडी घोडा सरासरी साठ इंचांच्या आसपासचा. पासष्ट इंचांचं वेड लागलं की माणसं उंचीसाठी जोड लावतात, आणि पाय, खूर, पाठ, स्वभाव मागं पडतात. नुकऱ्याचं घ्या. गुलाबी कातडीचा पांढरा घोडा छायाचित्रात देखणा दिसतो. परभणीच्या मे महिन्यातल्या उन्हात त्याचं नाक आणि डोळ्यांच्या कडा सोलून निघतात. ज्याला दिवसभर सावलीत कोंडावं लागतं ते जनावर आपल्या मुलखाचं नव्हे. आपल्या मुलखाचा घोडा म्हणजे भीमथडी, ज्याला दख्खनी म्हणतात तो. ठेंगणा, हाडाचा मजबूत, थोड्या चाऱ्यावर निभावणारा, कठीण खुराचा. धनगरांच्या वाड्याबरोबर आजही चालतो तो हाच. अलीकडे देशी जातींच्या नोंदीत त्याला स्वतंत्र जात म्हणून जागा मिळाली, याचा मला मनापासून आनंद झाला. पण बहुतेक प्रदर्शनांत त्याच्यासाठी गटच नसतो. मारवाडीशेजारी उभा केला तर तो तट्टू ठरतो आणि त्याचा मालक पुढच्या वर्षी येत नाही.

यातून प्रदर्शनाला येणारा माणूसच बदलला. पूर्वी शेतकरी, धनगर, टांगेवाला येई. आता राजस्थान-पंजाबातून मोठ्या किमतीचा घोडा विकत आणणारा शहरी हौशी माणूस येतो. त्याच्या हौसेला माझा विरोध नाही, त्याच्यामुळेच अनेक जातिवंत घोडी आज टिकून आहेत. पण ट्रकचं भाडं बक्षिसाच्या रकमेहून जास्त आणि शर्यत पैशाशी, असं झाल्यावर एका घोडीचा मालक तिथं कशाला जाईल? प्रदर्शनाला गर्दी कमी झालेली नाही. बघायला लोक तुडुंब येतात. भाग घेणारे कमी झाले, आणि हे दोन आकडे वेगळे आहेत हे आयोजकांच्या लक्षात येत नाही.

नाचकामाचा विषय टाळता येणार नाही. ढोल-ताशावर पाय उचलणारा घोडा लोकांना आवडतो, आणि लोकांना आवडतं म्हणून त्याला रिंगणात सर्वांत जास्त वेळ मिळतो. सावकाश, महिनोन्महिने शिकवलेला घोडा पाय उचलतो तेव्हा त्याचे कान पुढं असतात आणि तोंड शांत असतं. असेही घोडे मी पाहिले आहेत, त्यांचे शिकवणारे गुणी आहेत. पण झटपट तयार केलेला घोडा वेगळा ओळखू येतो. त्याला दोन खांबांना बांधून, गुडघ्यांवर छडी मारून पाय उचलायला लावलेलं असतं. तोंडात काटेरी लगाम असतो. तो शेपूट झटकतो, तोंड वासतो, मान वर फेकतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो. लोक टाळ्या वाजवतात ती त्याची वेदना असते. ओढीच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांत काट्यांच्या लगामाला स्पष्ट बंदी आहे, तरी तो जत्रेतल्या पालावर उघड विकला जातो. लग्नातली घोडी तर रोजचीच. परण्या निघाला की दोन्ही बाजूंना डीजेच्या भिंती, पायाशी फटाके, पाठीवर नवरदेव आणि पुढं धाकटा भाऊ. बरेचदा ही घोडी जेमतेम अडीच-तीन वर्षांची असते.

तुमच्या मैत्रिणींनी आयुष्यात घोडा पाहिला तो हा. त्यावरून त्यांनी जे मत बनवलं ते त्यांनी पाहिलेल्या गोष्टीपुरतं बरोबर आहे, आणि आपण घोडेवाल्यांनी ते ऐकून घेतलं पाहिजे. "शहरातल्या पोरींना काय कळतं" असं म्हणणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. मी त्यांच्याशी भांडतो, कारण ज्यांना जनावराचं दुःख दिसतं तेच उद्याचे चांगले स्वार होऊ शकतात.

ही चर्चा फक्त आपल्याकडची नाही. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये, म्हणजे घोडेस्वारीसह पाच खेळांच्या स्पर्धेत, अनोळखी घोड्यावर बसलेल्या जर्मन खेळाडूचा घोडा उडी घ्यायला तयार होईना. तिनं त्याला चाबकानं मारलं, तिच्या प्रशिक्षकानं घोड्याला ठोसा मारला, आणि ते जगानं थेट पाहिलं. त्यानंतर त्या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकायचं ठरलं. पॅरिसनंतर ती त्यात राहिली नाही. 2025 पासून आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघानं नाकपट्टी किती आवळली आहे हे मोजण्याचं ठरावीक साधन पंचांच्या हातात दिलं आहे, कारण आवळलेल्या पट्टीत घोड्याला तोंड उघडता येत नाही आणि त्याचं दुखणं झाकलं जातं. मला हे बदल योग्य वाटतात. घोड्याला बोलता येत नाही, निदान तोंड तरी उघडू द्यावं.

न बसता घोडा सांभाळणं ही कल्पनाही आपल्याला परकी नाही. नांदेडला हुजूर साहिबच्या तबेल्यात गुरू गोविंदसिंगांच्या घोड्याच्या वंशातले मानले जाणारे घोडे आहेत. हल्लाबोल मिरवणुकीत ते सजून चालतात, त्यांच्या पाठीवर कुणी बसत नाही. तो आदर मी मानतो. तुम्ही उद्या ठरवलंत की घोडीवर बसायचं नाही, नुसती सांभाळायची, तर मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. पण घोडा हे चालणारं जनावर आहे, हे मात्र तेव्हाही विसरू नका. मोकळ्या रानात कळप दिवसभर चरत फिरतो. अगाडी-पिछाडी घालून, म्हणजे पुढून आणि मागच्या पायांना दोर बांधून, चोवीस तास एका जागी उभी केलेली घोडी, तिच्यावर कुणीही बसत नसलं तरी, सुखी नसते. ती खुंटा चावते, एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलत राहते, पाय सुजवते. आपल्याकडे छळाच्या यादीत हे कुणी धरतच नाही. मला विचाराल तर खुंट्याला जखडून ठेवणं हा आपल्या भागातला सर्वांत मोठा आणि सर्वांत न दिसणारा छळ आहे. बसल्यामुळे घोडी निदान बाहेर पडते.

आता तुमच्या घोडीवर बसावं का, याचं उत्तर. हो, बसा. पण तीन गोष्टी तपासून.

वय पहिलं. घोड्याची वाढ पायापासून वर पूर्ण होते. गुडघ्याच्या लगेच वरच्या हाडाची वाढ अडीच वर्षांच्या आसपास थांबते, पाठीच्या कण्याची मात्र पाच-सहा वर्षांपर्यंत चालते. म्हणजे जिथं आपण बसतो ती जागा सगळ्यात शेवटी पक्की होते. पुढचे मधले दोन कायमचे दात अडीच वर्षांच्या सुमारास येतात, शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. व्यापारी वय काहीही सांगो, ओठ उचलून दात बघा. चौथ्या वर्षी थोडं, हलकं बसायला हरकत नाही. पूर्ण काम कडेचे दात वर आल्यावर.

दुसरं वजन. स्वार आणि खोगीर मिळून घोडीच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावं. काटा नसला तरी वजन काढता येतं. पुढच्या पायांच्या लगेच मागं छातीचा घेर मोजा, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी मोजा, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेरानं गुणा, आलेल्याला लांबीनं गुणा, आणि 11,880 नं भागा. घेर 150 आणि लांबी 130 असेल तर घोडी सुमारे 246 किलोची झाली. तिनं पेलायचं ओझं पन्नासच्या आत, त्यात खोगीर आठ-दहा किलोचं. म्हणजे बसणारा चाळीसच्या आसपासचा हवा. दख्खनी बांध्याच्या अनेक घोडी या मापाच्या असतात. तुमचं वजन पंचावन्न असेल तर अशा घोडीवर तुम्ही बसू नये, आणि तुमच्या जाडजूड काकांनी तर अजिबात नाही. मग ती घोडी घरातल्या लहान भावंडांना शिकवायला फार चांगली. तुम्ही तिला हातात धरून फिरवा. घोडी साडेतीनशेच्या आसपासची असेल तर प्रश्नच नाही.

तिसरी मांड. आपल्याकडे बसता येणं म्हणजे न पडणं असं धरतात. लगामाला लोंबकळून न पडणारा माणूस घोडीच्या तोंडावर बसलेला असतो. खरी मांड मांड्यांत आणि कमरेत असते, हात मोकळे असतात. जुने चाबुकस्वार पोराला पहिले काही आठवडे लगाम हातात देतच नसत. घोडी लांब दोरीवर गोल फिरवायची आणि पोरानं दोन्ही हात कमरेवर ठेवून बसायचं. दुडकीतही हात हलत नाहीत असं झालं की मग लगाम. तुम्हाला बसायला येतं म्हणता, तर ही परीक्षा एकदा स्वतःची घ्या, कुणीतरी जाणतं दोरी धरायला घेऊन, डोक्यावर हेल्मेट घालून. हेल्मेट फेट्यापेक्षा कमी देखणं असेल, पण खडकाळ जमिनीवर डोकं एकच असतं.

मुलगी म्हणून तुम्हाला कुणी टोकत असेल तर तिकडे लक्ष देऊ नका. 2023 मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चाली करून दाखवायच्या, प्रकारात भारताला सांघिक सुवर्ण मिळालं. अश्वक्रीडेत 41 वर्षांनी आलेलं सुवर्ण. चौघांच्या त्या संघात दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला या दोघी होत्या. ऑलिंपिकमध्ये स्त्री आणि पुरुष एकाच स्पर्धेत, एकमेकांविरुद्ध उतरतात असा हा खेळ आहे, कारण इथं ताकद घोड्याची आणि शहाणपण स्वाराचं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत आता मुली जास्त टिकतात. त्यांचा हात हलका असतो आणि घोडी ऐकत नाही तेव्हा त्या आधी खोगीर तपासतात, छडी शोधत नाहीत.

प्रदर्शनं बंद पडणार का, या तुमच्या प्रश्नाकडे परत येतो. आहेत तशी चालू राहिली तर ती मोठ्या खर्चाच्या देखाव्यात बदलतील आणि आपल्या भागातली घोडी त्यात नसतील. वेगळं काय करता येईल, हे मी आयोजकांना सांगत आलो आहे, इथंही लिहितो. प्रदर्शनात बसून दाखवायचा गट हवा, आणि त्याचे गुण कान-उंचीच्या गुणांहून जास्त हवेत. रिंगणाच्या तोंडाशी पशुवैद्य उभा हवा. काटेरी लगाम, जखम, लंगड किंवा कोवळं वय दिसलं की घोडा आत नाही, मालक कितीही मोठा असो. भीमथडीला स्वतंत्र गट हवा, त्याच्याच मापानं तपासलेला. पोरांचा गट हवा. आणि डीजे रिंगणापासून लांब.

मला सर्वांत जास्त आशा लांब पल्ल्याच्या चालीच्या स्पर्धेची वाटते. जगभर या स्पर्धा चालतात त्यात नियम असा आहे की टप्प्याटप्प्यावर घोडा थांबवून नाडी मोजतात, आणि ठरलेल्या वेळात ती मिनिटाला 64 च्या आत आली नाही तर घोडा बाद. स्वारानं घोडा दामटला की तो आपोआप हरतो. बालाघाटाच्या रांगांत, कच्च्या वाटांनी, पौषातल्या गार सकाळी वीस किलोमीटरची अशी चाल ठेवली तर तिथं पासष्ट इंची शोचा घोडा आणि धनगराचं तट्टू एकाच ओळीत उभे राहतील, आणि कोण जिंकेल याचा अंदाज मला आहे. यासाठी मांडव, विजेचे दिवे, निवेदक काही लागत नाही. दोन पशुवैद्य, स्टेथोस्कोप, पाण्याच्या टाक्या आणि वाट दाखवणारी माणसं लागतात. तुमच्या मैत्रिणींना नाडी मोजायला बोलवा. घोड्याच्या कोपराच्या मागं कान लावून त्याचं काळीज ऐकलेला माणूस मग या विषयावर जे बोलेल ते ऐकण्यासारखं असेल.

तुमच्या घोडीपुरतं आता लगेच करायचं ते असं. परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, जे जवळ पडेल तिथं, तिला एकदा दाखवा. तिथंच तिच्या दाढांची टोकं कानशीनं घासून घ्या. वाढलेल्या दाढांच्या टोकांनी गालाला आतून जखमा होतात आणि अशी घोडी लगाम तोंडात घेत नाही, मग लोक तिला अडेल म्हणतात. धनुर्वाताची लस चुकवू नका, घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो. पावसाळा संपताना अंगावरच्या माश्यांमुळे सर्रा या रक्तातल्या रोगाची लागण होते. ताप येऊन-जाऊन राहिला, चारा खाऊनही घोडी वाळत गेली, तर त्यासाठी रक्त तपासून घ्या. ग्लँडर्सची तपासणी यात्रेच्या आधी करायची तर नमुना बाहेर जातो आणि निकालाला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

पिछाडी आजच सोडा. जागा असेल तर बांबूचं कुंपण घालून तिला मोकळी ठेवा. पहिला महिना नुसती चाल, मऊ वाटेनं, सकाळी, तुम्ही तिच्या शेजारी पायी. दुसऱ्या महिन्यात बसून चाल आणि थोडी दुडकी. डांबरावर आणि सिमेंटच्या रस्त्यावर दुडकी नको, सांध्यांना हिसके बसतात. चंदी वाढवायची ती मूठमूठ, एकदम नाही. माळेगावला नेलीत तर घरून स्वतःची बादली आणि तोबरा, म्हणजे चंदीची पिशवी, न्या, दुसऱ्याच्या हौदावर पाणी पाजू नका. आणि तिथं कुणी परीक्षक "नुसती धरून उभी करा" म्हणाला, तर त्याला सांगा की मी बसून दाखवते, आणि चाल बघायची विनंती करा.